भगताचं घुबड

मित्रांनो, मी एक म्हातारं गव्हाणी घुबड आहे. बोरीवलीला, जंगलाच्या कडेला एका पिंजऱ्यात राहतो. माझी हकीकत सांगायची मला लाज वाटते. तरी सांगतो, कारण लपवून ती कमी झाली नाही.

साकीनाक्याच्या एका बंद कारखान्याच्या माळ्यावर माझा जन्म झाला. उडायला शिकण्याआधीच चंद्रप्रकाश भगताने मला घरट्यातून उचललं आणि माझे पंख छाटले. तो बोटातली अंगठी भिंतीवर वाजवायचा. मी आवाजाकडे पाहिलं की कोंबडीचा तुकडा मिळायचा. एवढंच माझं शिक्षण. लोकांना मात्र तो सांगायचा, "हा माझा चेडा. याच्या अंगातलं भूत माझ्या हुकमात आहे. हा ज्याच्याकडे बघेल, त्यानेच करणी केली." लोक मला कुंकू लावायचे, हात जोडायचे. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

एके सकाळी मरोळहून वनमाला आली. तिच्या पाच वर्षांच्या लेकीचा ताप उतरत नव्हता. लेकीचं नाव पूर्वी. भगताने तिच्या शेजारणींना बोलावून ओळीने बसवलं. त्यांत मासळी विकणाऱ्या रुक्मिणीताई होत्या. बाजारातून तशाच आल्या होत्या.

"अगं, पोरीला डॉक्टरकडे ने ना. इथे काय बसलीस?" त्या आल्या आल्या म्हणाल्या.

भगताला ते झोंबलं. त्यांच्या मागे जाऊन त्याने अंगठी वाजवली. मी पाहिलं.

वनमाला त्यांच्याकडे वळली. "ताई, तुम्ही? माझी पोर तुमच्या मांडीवर वाढली."

"पाखराने बघितलं म्हणून मी चेटकीण झाले काय गं?"

सात दिवस उतारा करायचा, औषध द्यायचं नाही, असं भगताने बजावलं. त्या दिवसापासून चाळीत रुक्मिणीताईंची मासळी कुणी घेईना.

चौथ्या दिवशी वनमाला पूर्वीला खांद्यावर टाकून धावत आली. पोर डोळे उघडत नव्हती. मागोमाग रुक्मिणीताई आल्या.

"बघ, स्वतःच आली," असं म्हणून भगताने पुन्हा अंगठी वाजवली.

पोर मला दिसत होती. भूकही लागली होती. मी पुन्हा रुक्मिणीताईंकडे पाहिलं.

या वेळी त्या बोलत बसल्या नाहीत. त्यांनी पूर्वीला आपल्याकडे ओढून घेतलं. "चल, रिक्षा थांबव," एवढंच वनमालाला म्हणाल्या, आणि दोघी गेल्या.

पूर्वी वाचली. तिला मेंदूज्वर झाला होता. उपचाराला उशीर झाला, त्यात तिचा डावा कान कायमचा गेला. रुक्मिणीताईंनी पोलिसांत तक्रार केली. भगताला अटक झाली आणि मला इथे आणलं. माझे पंख तोवर निकामी झाले होते.

गेल्या महिन्यात तिघी मला बघायला आल्या. पूर्वी आता दहा वर्षांची आहे. वनमाला लांबच उभी राहिली.

"बिचारं भुकेलं असायचं. त्याला काय कळतंय," रुक्मिणीताई म्हणाल्या.

पूर्वी जाळीपाशी आली. "पण मला बघून पण त्याने तेच केलं ना?"

मित्रांनो, आम्ही उंदीर खाणारे पक्षी. आम्हाला कुणाची करणी कळत नाही. आम्हाला आमच्या झाडांवर राहू द्या. आणि आजारी लेकराच्या घरी कुणी शेजारणीकडे बोट दाखवलं, तर त्या बोटाकडे बघत बसू नका. लेकराला उचला आणि दवाखाना गाठा.

रुक्मिणीताईंनी मला माफ केलं. पूर्वीने केलं नाही. तिचंच बरोबर आहे.