दात न पाहिलेला ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, लहान मुलांचा, आणि मी चिडलेला आहे. गोडगोड बोलणे मला जमणार नाही.

कोवळ्या हिरड्यांना लागू नये म्हणून कारखान्यात माझे केस मुद्दाम मऊ ठेवले होते. चिमीला पहिला दात आला तेव्हा तिच्या वडिलांनी मला हौसेने आणले. तिची आई घरीच शिवणकाम करायची. तिने मला निरखून पाहिले आणि म्हणाली, "अरे वा! मशीनमधला दोऱ्यांचा भुसा काढायला छान आहे हा." झाले! दात राहिले बाजूला आणि माझ्या तोंडाला मशीनचे तेल लागले.

रोज दुपारी चिमी रडू लागली की आई साखर घातलेल्या दुधाची बाटली तिच्या तोंडात द्यायची. चिमी ती चोखतच झोपायची. आईचे शिवण उरकेपर्यंत बाटली तोंडातच असायची. त्या बाटलीला रोज उकळत्या पाण्याची आंघोळ, आणि मला साधे नळाचे पाणीही नाही! त्या बाटलीचे तोंड बघायची मला इच्छा नव्हती.

चिमीच्या पुढच्या दातांवर आधी पांढरे पट्टे आले, मग ते तपकिरी झाले.

"अगं, हिचे दात बघ जरा," वडील म्हणाले.

"दुधाचेच तर आहेत, पडणारच ना! उगाच कशाला डोक्याला ताप?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ब्रशचे कोण ऐकतो?

साडेतीन वर्षांची चिमी एके दिवशी गाल धरून किंचाळू लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंना वरचे पुढचे चार दात काढावे लागले. "बाटलीतल्या साखरेने किडले हे. अजून तीन-चार वर्षं टिकायला हवे होते. आता घास कशाने तोडणार ही?" त्यांनी विचारले. आई मान खाली घालून रडली. मला तिची मुळीच दया आली नाही. खोटे कशाला बोलू?

आता चिमीच्या धाकट्या भावाला पहिला दात आला आहे. काल तो रडू लागला, तशी आईने सवयीने बाटली भरली आणि साखरेचा डबा उघडला. चिमीने धावत येऊन डबा दोन्ही हातांनी धरला.

"त्याला नको, आई. त्याला दुखेल."

आईने झाकण लावले. मग तिने ओल्या स्वच्छ फडक्याने बाळाचा तो एवढासा दात पुसला.

मित्रांनो, तुमच्या घरात लहान भावंड असेल, तर पहिल्या दातापासून त्याची काळजी घ्यायला मोठ्यांना सांगा. ऐकले नाही तर भांडा. चिमी आता हसताना तोंडावर हात धरते.