लागला की नाही?

जगात वेड्यांना तोटा नाही हे वायरमनच्या आईला ठाऊक होतं. पण ते सगळे दर रविवारी सकाळी एकाच हॉलमध्ये जमतात, हे तिला या वयात नव्याने कळलं. हॉल शाळेचा, जुना. खाली लाकडी फळ्या, वर खिडक्यांना जाळ्या, आणि आत शिरताच नाकात जाणारा रबरी बुटांचा वास. दारावर पाटी होती, 'सर्व वयांसाठी, सर्व क्षमतांसाठी.' वयं सगळी होती, त्यात वाद नाही. दुधाचे दात पडलेल्या जुळ्या पोरी होत्या, कधीच निवृत्त झालेले टपालवाले काका होते. अक्कल तेवढी एकाही वयाची दिसत नव्हती.

कारण खेळ काय, तर एकमेकांना चेंडू फेकून मारायचे! मध्ये एक रेघ, इकडे अर्धे, तिकडे अर्धे. ज्याला चेंडू लागला तो आउट, त्याने बाकावर जाऊन बसायचं, आणि शेवटी उरेल तो जिंकला. अहो, हाच खेळ घरात खेळला म्हणून तिने पोराला लहानपणी पट्टीने फोडून काढलं होतं. इथे त्याच खेळासाठी गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई ठेवली होती. आईने तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं आणि पहिल्याच दिवशी तिच्याशी वाकडं घेतलं.

"स्पंजचा चेंडू आहे, काकू," शिट्टीबाई समजावत म्हणाली. "लागला तरी काही होत नाही."

"तुम्हाला कसं होईल? तुम्ही रेघेबाहेर उभ्या."

हे सगळं खूळ सूनबाईचं. पोरगा शिडीवरून पडला, कमरेखालचं गेलं, घरात चाकांची खुर्ची आली. आली ती खिडकीपाशीच रुतली. दिवसभर बाहेर बघत बसायचा. जेवतोस का रे? चालेल. पंखा लावू? चालेल. बंद करू? चालेल. त्या 'चालेल'ने आईचा जीव नुसता किटून गेला होता. सूनबाईने मात्र हट्ट सोडला नाही. रोज सांगायची, रोज विचारायची, एकदा रडली, एकदा ताट आपटलं, आणि अखेर एका रविवारी त्याला गाडीत घालून इथे घेऊन आली. आईही आली. पोराला असं लांडग्यांच्या तोंडी एकटं सोडणार होती की काय? मांडीवर पिशवी घेऊन ती भिंतीजवळच्या बाकावर बसायची. पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली, स्वेटर आणि मुकामाराचं मलम.

पहिल्याच डावात समोरच्या बाजूने खेळणाऱ्या एका टेलरने फेकलेला चेंडू पोराच्या खांद्याला चाटून गेला. झालं. पुढच्या रविवारी ती लवकर येऊन दारातच उभी राहिली आणि एकेकाला बाजूला घेतलं. टेलरला म्हणाली, "तुम्हालाही मुलंबाळं आहेत ना?" टेलरने मान खाली घातली. टपालवाल्या काकांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं, ते म्हणाले, "काळजी सोडा, वहिनी." जुळ्यांना तिने एकेक गोळी दिली. शिट्टीबाईला तेवढं काही सांगितलं नाही. ती बाई सुधारण्यापलीकडची होती.

तेव्हापासून पोराला एकही चेंडू लागला नाही. प्रत्येक डावात शेवटी तोच उरायचा आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. सगळ्यात जोरात आई. घरी जाताना तो एक शब्द बोलायचा नाही. दमला असेल, असं ती सूनबाईला सांगायची.

आणि आज त्या कार्टीने घोटाळा केला. जुळ्यांतल्या एकीच्या हातात चेंडू आला, समोर पोरगा, मध्ये कुणी नाही. तिने नेम धरला. तशी दुसरी तिच्या अंगावर ओरडली, "अगं, त्यांना नाही! आजींनी सांगितलंय ना? वायरमनकाका लिंबूटिंबू आहेत!"

आईला वाटलं, फळ्या उचकटून खाली दडावं. बारक्या पोराला रडू नये म्हणून खेळात घेतात, आउट झाला तरी धरत नाहीत, जिंकला तरी मोजत नाहीत, तो लिंबूटिंबू. हा शब्द तिने उच्चारला नव्हता, देवाशप्पथ नव्हता. पण कार्टीने अर्थ अगदी बरोबर लावला होता.

पोराने खुर्ची वळवली. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"अरे, मी आपलं सहज..."

"कुणाकुणाला, आई?"

टेलर स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. टपालवाल्या काकांना नेमका त्याच वेळी खोकला आला. आणखी कुणी उत्तर द्यायची गरज उरली नाही.

"बरं," पोरगा म्हणाला. मग बायकोकडे बघून म्हणाला, "गाडी बोलाव. मी आता इथे येणार नाही." चढा आवाज नाही, राग नाही. त्याच 'चालेल'च्या सुरात. त्याने एखादी शिवी हासडली असती तर आईला बरं वाटलं असतं.

सूनबाईने फोन केला. गाडी लांब होती, थोडा वेळ लागणार होता. ती येऊन सासूशेजारी बसली.

"आई, तुम्हाला पटत नव्हतं तर माझ्याशी भांडायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं. यांना उंबऱ्याबाहेर काढायला मी काय काय केलं, तुम्ही बघितलंय. आता परत ती खिडकी."

"म्हणजे मीच वाईट? करायला गेले एक आणि..."

"तुम्ही वाईट नाही हो. तोच तर वैताग आहे. वाईट असता तर मला बोलता तरी आलं असतं."

आईने पिशवीचे बंद उगाच सोडले, पुन्हा बांधले. स्वतःचा, सुनेचा, त्या गोळी खाऊन बोंब मारणाऱ्या पोरीचा, सगळ्यांचा एकदम राग आला होता तिला.

तेवढ्यात टेलर "गिऱ्हाईक यायचंय" असं पुटपुटत सटकला. तोंड दाखवायला जागा नव्हती त्याला, दुसरं काय! आता एका बाजूला भिडू कमी पडला. शिट्टीबाईने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ बाकासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, उठा. एक भिडू हवाय."

"मी? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"आहे. चपला काढा. आणि वायरमन, गाडी येईपर्यंत तुम्हीही इथेच आहात. नुसतं बसून काय करणार? तुम्ही त्या बाजूला."

पोराने खांदे उडवले आणि चाकं फिरवून जागेवर गेला. नाही म्हणायचेही कष्ट त्याला नको होते. आई उठली, कारण नाही म्हणून पुन्हा सुनेशेजारी बसायची तिची हिंमत नव्हती. चपला काढल्या, बाह्या सरसावल्या आणि मनातल्या मनात शिट्टीबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती रेघेच्या अलीकडे उभी राहिली.

शिट्टी वाजली. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. एक जण आउट, मग आणखी एक. आईने पहिल्यांदा डोळेच मिटले. मग उघडले. मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याकडे काही येतच नाही. टपालवाल्या काकांच्या हाती चेंडू लागला, ती समोर ठोंब्यासारखी उभी, आणि काकांनी हसून तो दुसरीकडे फेकला. जुळ्यांतली एक चेंडू घेऊन रेघेपलीकडे तिच्यासमोर आली, थबकली, आणि तिने दुसऱ्याच कुणावर नेम धरला. "आजींना नको," असंही कुणीतरी म्हणालं. तिला ऐकू येत नाही असं समजूनच म्हणालं असणार.

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजींना नको म्हणजे? आजी काय काचेची आहे? पाण्याने भरलेल्या बादल्या वरच्या मजल्यावर चढवल्या आहेत आजीने!

मग चेंडू पोराच्या हातात आला. त्याने तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि नेम बदलून तिच्या शेजारच्या पोरीला मारला. ती पोरगी आउट होऊन बाकावर गेली. आईला सोडलं. पोटच्या पोराने सोडलं तिला, म्हातारी म्हणून, दया करून!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीतच तिला समोरचा चेहरा दिसला. एवढे रविवार ती बाकावर बसून टाळ्या वाजवत होती ती त्याच्या पाठीकडे बघत. तोंड कधी बघितलंच नव्हतं. आता तिच्याच बाजूच्या एकाने चेंडू उचलला, पोरावर रोखला, आणि सवयीने हात दुसरीकडे वळवला. तेव्हा पोराचा जबडा कसा आवळला ते तिने बघितलं. त्याला काय होतं हे कुणी तिला समजावून सांगायला नको होतं. तेच तर आत्ता तिला झालं होतं.

चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. तिने उचलला. "ए!" अशी हाक मारली, त्याने मान वर केली, आणि तिने अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून चेंडू मारला.

थाडकन आवाज झाला. बाकावरची सूनबाई ताडकन उभी राहिली. शिट्टीबाई नेमकी एका जुळीच्या बुटाची नाडी बांधत वाकली होती. तिने दचकून वर बघितलं.

"काय झालं? लागला?"

"नाही," पोरगा म्हणाला. "खुर्चीला लागला. खुर्चीला लागलेला धरत नाहीत."

"खुर्चीलाच लागला असेल," बाकावर जाऊन बसलेले टपालवाले काका घाईघाईने म्हणाले. "जाऊ द्या ना, खेळू द्या त्यांना."

सगळे आईकडे बघायला लागले. पोराने एक हात बरगडीवर धरला होता. दुखलं का रे, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पिशवीत मलम होतं. 'हो बाबा, खुर्चीला लागला' एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि गाडी येऊन त्याला खिडकीपाशी घेऊन गेली असती.

"खुर्चीला काय लागतोय!" आई म्हणाली. "बरगडीत लागलाय. मी मारलाय, मला माहीत नाही? आउट आहे तो. बाकावर हो."

"आई, खोटं बोलू नकोस!" पोरगा गरजला. हॉलच्या जाळ्या हादरल्या असतील. "चाकाला लागून वर उडाला! सगळ्यांनी बघितलंय!"

"मग हात कशाला चोळतोयस बरगडीवर? चोराच्या उलट्या बोंबा! हो बाहेर!"

"मी होणार नाही!"

"तुझा बापही होईल!"

शिट्टीबाईने दोघांकडे बघितलं, सूनबाईकडे बघितलं आणि लांबलचक शिट्टी फुंकली. "वायरमन आउट."

तो लालबुंद झाला. काहीबाही पुटपुटत, चाकांना असे हिसके देत बाकाकडे गेला की टपालवाल्या काकांनी पाय वर घेतले. सूनबाईचा फोन वाजला. गाडी दारात आली होती. तिने त्याच्याकडे बघितलं.

"थांबू दे त्याला," तो खेकसला. "एक डाव होऊ दे अजून." मग रेघेकडे बोट करून आईला म्हणाला, "समोरच उभी राहा. पहिली तुला काढतो."

"काढ ना," आई म्हणाली. "हात कुणी धरलाय तुझा?"