धनमती दिदींची साक्ष

"हा दुभाष्या आपल्या पहाडातला नाही," धनमती दिदी माझ्या कानाशी लागल्या. "बोटं बघ कशी मऊ! माझं बोलणं नीट पोचवेल ना गं, कान्छी?"

मला तर सुनावणीच्या त्या खोलीतल्या कुणाचाच भरवसा वाटत नव्हता. सरकारी वकिलाचा मुळीच नाही. मेला सारखा हसत होता. एवढं गोड हसणारा माणूस काहीतरी काढून घ्यायलाच आलेला असतो.

दिदींच्या नवऱ्याने गोऱ्यांच्या पलटणीत उमर घालवली. तो गेला. आता इथे इंग्लंडात, ऑल्डरशॉटला दिदी एकट्या आणि तिकडे नेपाळात, बागलुंगला त्यांची बिनलग्नाची लेक, सुनकेसरी. तिला व्हिसा नाकारला होता. चौतिशीची मुलगी आईवर अवलंबून असते, हे सरकारच्या गळी उतरत नव्हतं. अपिलात तेवढंच पटवायचं होतं. आणि ते खोटं थोडंच होतं? दिदींच्या पेन्शनीवर तिकडची चूल पेटायची. फोनवर आईला विचारल्याशिवाय पोरगी कोंबडीसुद्धा विकत नसे.

"एवढंच म्हणायचं, दिदी. तिचं माझ्यावाचून चालत नाही," मी महिनाभर पढवत होते. दिदी मान डोलवायच्या.

वकिलाने हसतच विचारलं, "धडधाकट बाई. नोकरी नाही, लग्न नाही. मग दिवसभर करते काय? की घरात कुणी पुरुष आहे, आणि तुम्ही सांगत नाही?"

दुभाष्याने शब्दन् शब्द पोचवला. दिदींचा चेहरा लालबुंद झाला.

"माझी पोर ऐतखाऊ वाटली का रे तुला? पहाटे उठून म्हशीची धार काढते, नाचणी पेरते, छपराचे पत्रे एकटी ठोकते! कुणापुढे हात पसरत नाही, माझ्यापुढेसुद्धा नाही. तिला कुणाची गरज नाही. घे लिहून!"

त्याने लिहून घेतलं. आमच्या वकीलबाईंनी सावरायचा खूप प्रयत्न केला, पण दिदी हटेनात. आमच्यात लेकीला चारचौघांत ओझं म्हणत नाहीत. मेलेल्या बापाची मान खाली जाते.

बाहेर बाकावर बसतो न बसतो तोच सुनकेसरीचा फोन आला. दिदींनी तो माझ्या हातात कोंबला. "तूच सांग बाई. मी आपल्या तोंडाने काय सांगू?" म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसत नळाकडे गेल्या.

मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

"माझ्या आमाला आत्ता काही बोलू नका हं, काकी," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असेल ती. आधी तिला जेवायला घाला."