गांडुळांची वकील

वाचनालयात वर्षातून एकदा विज्ञानाच्या कपाटासाठी वाचकांच्या पसंतीचं एक पुस्तक विकत घेतलं जाई. रीत सोपी होती. ज्याला जे पुस्तक हवं असेल त्याने उभं राहून त्यातला एक उतारा वाचायचा, चार शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी हात वर करायचे. यंदा भुंगी बोलणार होती. वय वर्षं आठ. प्रश्नांची भुणभुण थांबत नसे, म्हणून घरात हेच नाव पडलेलं.

तिच्या आईला सकाळपासून काळजी लागली होती. पुस्तक कशावर, तर गांडुळांवर! चांगलं जाडजूड, चित्रं मोजकी, तीही काळीपांढरी. दुसऱ्या गावच्या वाचनालयातून उसनं मागवलेलं ते पुस्तक उद्या परत जाणार होतं, आणि मायलेकींचं अजून निम्मंही वाचून झालं नव्हतं. आज निवडलं गेलं नाही, तर हातचं गेलंच.

"बुटाची नाडी बांध आधी. पाणी पी. आणि घाबरू नकोस हं."

"मी कुठे घाबरलेय? तुझेच हात गार पडलेत, आई."

आधी दातांचे डॉक्टर उठले. वय झालेलं, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्याकडे ग्रहांवरचं पुस्तक होतं, पान न् पान झगमगीत. शनीच्या कड्यांचा उतारा त्यांनी असा रंगवून वाचला, की कोपऱ्यातली कुजबुजही थांबली. आईच्या मनात आलं, झालं, आपलं काही खरं नाही.

भुंगी खुर्चीवर चढली. गांडुळं माती कशी भुसभुशीत करतात, तो उतारा आईने घरी चांगला घोटून घेतला होता. पोरीने भलतंच पान उघडलं.

"'पाऊस पडला की गांडुळं वर का येतात? माझ्याकडे तीन उत्तरं आहेत, आणि तिन्हींवर माझा पुरता विश्वास नाही. पाण्यात बुडतात म्हणून, असं मी लहानपणी ऐकलं होतं. मग त्यांना पाण्यात ठेवून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही ती मजेत होती.'"

आईचे कान तापले. 'बुडतात म्हणून' हे उत्तर गेल्याच आठवड्यात तिने दिलं होतं. तेही ठणकावून.

भुंगीने पुस्तक मिटलं. "हे लिहिणाऱ्या काकांना पुष्कळ गोष्टी माहीत नाहीत. आणि ते तसं सांगून टाकतात."

"अगं, वकिली करतेयस की उलटतपासणी?" बेकरीवाले मागून ओरडले. हशा पिकला.

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "मग अशा पुस्तकाचा उपयोग काय गं?"

"तुमच्या पुस्तकात सगळं शोधून झालंय, आजोबा. ह्यात माझ्यासाठी थोडं ठेवलंय."

डॉक्टर आपलं पुस्तक उलटून पाहू लागले.

आईने इतका वेळ बुटाची नाडी पाहिली होती, लोकांचे चेहरे पाहिले होते. पुस्तकाकडे तिने आत्ता कुठे पाहिलं. या माणसाने वर्षानुवर्षं चिखलात उकिडवं बसून काढली आणि मग सरळ लिहिलं, मला खात्री नाही. काय छाती म्हणावी! अन् आपण पदवी घेतलेल्या. मुलीला झोपवताना हीच पानं आपण जांभया देत उरकली.

हात वर करायची वेळ आली. गांडुळांसाठी पहिला हात आईचा, दुसरा बेकरीवाल्यांचा, तिसरा खिडकीजवळच्या एका आजींचा. ग्रहांसाठी उरलेली सगळी खोली.

भुंगीने पुस्तक छातीशी घट्ट धरलं. एरवी आई म्हणाली असती, पुढच्या वर्षी बघू, चल, घरी कामं पडलीत.

"पुस्तक उद्या जाणार ना?" आईने खुर्ची ओढली. "मग आज इथेच बसू. होईल तेवढं वाचू. नीट, पहिल्या पानापासून."

जिंकलेलं पुस्तक बगलेत मारून डॉक्टर निघाले होते, ते वळून आले. "बाकीची दोन उत्तरं तेवढी सांग बाई. नाहीतर मला चैन पडायचं नाही."

"मधलंच नाही सांगणार. सुरुवातीपासून ऐकावं लागेल."

"फारच कडक आहे तुमची मुलगी," ते आईला म्हणाले आणि निमूटपणे बसले.

आई वाचत गेली. 'ठाऊक नाही' असं कुठे आलं, की भुंगी टेबलावर टकटक करी. थोड्या वेळाने डॉक्टरही करू लागले. आईचा घसा कोरडा पडला, पण थांबावंसं वाटेना.

ग्रंथपालबाई किल्ल्या घेऊन टेबलापाशी आल्या. वेळ संपल्याचं सांगायलाच आल्या होत्या. पण घटकाभर उभ्या राहिल्या, मग बाकाच्या टोकावर टेकल्या.

"जरा मागचं पान पुन्हा वाचा ना. माझं सुटलं."