वच्छलाच्या पत्राची शेवटची ओळ

"देवासमान मुख्याध्यापक," महादेवीबाईंनी महिपतीची वही मोठ्यानं वाचली, "आणि मागतोस काय, तर चेंडू! देवाला एवढ्यावर सोडतात होय रे?"

सातवीचा वर्ग खिदळला. महिनाभर बाई पटवून देणारं पत्र शिकवत होत्या. समोरचा जी आडकाठी घालणार ती आपणच आधी लिहायची, तिला तोड द्यायची आणि शेवटी थोडी माघार घ्यायची, म्हणजे त्याचाही मान राहतो.

हसू एकदम थांबलं. दारात वच्छलाचा बाप, कुंडलिक, उभा होता. करकंबहून येऊन त्यानं सोलापुरात घरीच हातमाग बसवला होता.

"दाखला द्या, बाई. उद्यापास्नं पोरगी न्हाय यायची. घरी मागाला सुताच्या कांड्या भराय कोन हाय?"

बाईंनी माणूस जोखला. वाद घातला, तर हा पोरीला आत्ताच उठवून नेणार.

"दाखला हेडमास्तर देतात. ते येईस्तोवर बसा. वच्छलानं तुम्हालाच पत्र लिहिलंय. वाच गं."

बाई बोलून गेल्या आणि मग पत्राची शेवटची ओळ त्यांना आठवली: 'एवढ्यानं भागत नसेल, तर दिवाळीनंतर माझं नाव काढा.' माघार हवी म्हणून पोरीनं शाळाच देऊन टाकली होती. आणि नियम पाळला म्हणून बाईंनी खाली लाल शाईनं 'छान' लिहिलं होतं!

कुंडलिक दाराजवळ टेकला. वच्छला उभी राहिली. "दादा, तुम्ही म्हणाल, कांड्या कोण भरणार? मी भरीन, शाळेआधी. सुताची पावती तुम्ही व्यापाऱ्याच्याच गुमास्त्याकडून वाचून घेता. मी शिकले, तर ती मी वाचीन."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कुंडलिकचे कान तापले.

"ह्ये बी लिवलं व्हय गं?" त्यानं खिशातली सुताची पावती चाचपली. "बरं. येऊ दे शाळंत."

"बस खाली, वच्छला," बाई घाईनं म्हणाल्या.

"थांबा की, बाई. कागद अजून हातात हाय तिच्या. फुडं काय?"

वच्छलानं ओळीकडं पाहिलं, मग बाईंकडं. एकही ओळ गाळायची नाही म्हणून रोज ओरडणाऱ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"आपली आज्ञाधारक मुलगी, वच्छला."

"एवढंच?"

"एवढंच, दादा."

कुंडलिक उठला. "आज्ञाधारक म्हंजी?"

"सांगाल ते ऐकणारी," महिपती मागून म्हणाला.

"मग लबाडच लिवलंय की," कुंडलिक म्हणाला आणि दाखल्यावाचून पायऱ्या उतरला.