चावरी पक्कड आणि निळं इंजिन

मित्रांनो, मला उचलताना जरा जपून. मी चावते. मी एक जुनी पक्कड आहे, आणि म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणे, तसं माझं काही झालेलं नाही.

माझा जन्मच मारामारीतला. मला लालभडक होईपर्यंत तापवलं, ऐरणीवर धरलं आणि घणाखाली असं झोडपलं की विचारू नका. मग तसंच तेलात बुडवलं. मी चरचरले आणि कडक झाले. तुम्ही म्हणाल, अरेरे, बिचारी! बिचारी कसली? तो मार खाल्ला नसता तर मी सुतळी तोडायच्याही लायकीची राहिले नसते.

पुढची कित्येक वर्षं मी बसच्या गॅरेजमधल्या एका वायरमनच्या खिशात काढली. तारा तोडल्या, खिळे उपटले, गंजलेले नट पिळले. एकदा चालू तार तोडताना असा बार उडाला की माझ्या धारेत खाच पडली आणि मालक भिंतीवर आपटला. उठल्यावर त्याने आधी मला शोधलं. "अशी पक्कड पुन्हा मिळायची नाही," असं तो ज्याला त्याला सांगायचा. तो गेला, आणि त्याच्या थोरल्या मुलीने मला उचललं. तिला घरात सगळे अक्का म्हणत. बापाचा कसबी हात तिच्याकडे आला होता, आणि बापाचा रागही. राग तर व्याजासकट आला होता.

अक्काला एक बहीण होती. ती सगळ्यांची धाकटी. गाड्यांना रंग देणं हा धाकटीचा धंदा आणि विमान उडवणं हे तिचं वेड. विमान चालवायचा परवाना काढून ती बसली होती, पण विमान कुठून आणणार? मग दोघींनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बांधायलाच घेतलं. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. कापड धाकटीच्या नवऱ्याने शिवलं, तो शिंपी. रंग धाकटीचा. आणि वायरिंग अक्काचं, म्हणजे निम्मं माझं.

बसचं सगळं अंग लोखंडाचं असतं. वीज एका तारेने जाते आणि त्या अंगातून परत येते. लाकडातून वीज परत येत नाही. म्हणून अक्काने प्रत्येक दिव्याला, वेग-उंची दाखवणाऱ्या प्रत्येक काट्याला परतीची वेगळी तार दिली. मग इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये तांब्याचा एक जाड पट्टा बोल्टाने आवळून बसवला. इंजिनाला पहिली गिरकी देणाऱ्या स्टार्टरची सगळी वीज त्याच पट्ट्यातून परतायची. काम देखणं झालं होतं. धाकटीनेही त्याआधीच इंजिनाला आकाशी रंगाचे तीन हात मारून ते आरशासारखं करून ठेवलं होतं.

आणि तरी विमान आजारी होतं. बटण दाबलं की स्टार्टर कधी गरकन फिरायचा, कधी नुसताच कण्हायचा. कधी त्याच वेळी रेडिओ मरायचा आणि समोरचे काटे अंगात आल्यासारखे नाचायचे. अक्काने बॅटरी बदलली, बटण बदललं. दोन तारांना बांधलेला छोटा बल्ब घेऊन तिने एकेक जोड तपासला. प्रत्येक ठिकाणी बल्ब पेटला. मला प्रत्येक जोडावर लावून तिने हिसके दिले. एकही जोड हलला नाही. तो जाड पट्टा तर तिने इतका ओढला की माझे दात शिवशिवले.

"सगळं बरोबर आहे, मग मेलं चुकतंय कुठे?" अक्काने हत्यारांच्या पेटीला लाथ घातली.

"अगं, तिसऱ्यांदा दाबलं की होतंय ना सुरू?" धाकटी म्हणाली. "मग झालं तर! मी रविवारी उडणार."

"वर गेल्यावर सगळं बंद पडलं तर कुणाच्या नावाने बोंबलशील?"

"तुझ्या! वायरिंग तुझं आहे."

खाडकन आवाज आला. अक्काची पाचही बोटं धाकटीच्या गालावर उठली. धाकटीने रंगाचा डबा उचलून अक्काच्या छातीवर हाणला. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. आणि झटापटीतून सुटता सुटता अक्काने हातात होती ती वस्तू फेकली. ती वस्तू मी होते. मी धाकटीच्या भुवईवर आदळले. रक्ताची धार तिच्या डोळ्यात उतरली. बिचारा शिंपी घाबरून सुईदोरा घेऊनच धावत आला. मग त्याला भान आलं आणि तो तिला दवाखान्यात घेऊन गेला.

अक्काने मला उचललं आणि ती माझ्यावरचं रक्त बाहीने पुसत राहिली. मित्रांनो, तिच्या मुठीत मी इतकी वर्षं काढली, म्हणून सांगते. धाकटी वरून पडेल आणि आपल्या हातच्या चुकीने पडेल, ही भीती तिला रात्रंदिवस खात होती. ते तिला तोंडाने सांगता येईना, म्हणून हात चालायचा.

शेवटी शिंप्याने मधे पडून तोड काढली. आधी शेडसमोरच्या अंगणात इंजिन नीट चालवून बघायचं, मगच उडायचं ठरलं.

चाकांना लाकडी अडणे लावले. शेपटी दोरखंडाने सिमेंटच्या खांबाला बांधली. समोर बऱ्याच अंतरावर विटांची भिंत होती. इंजिनावरचं झाकण काढून ठेवलं होतं. भुवईला पट्टी लावलेली धाकटी आत बसली. अक्का मला घेऊन विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मागच्या बाजूला, इंजिनाजवळ उभी राहिली.

धाकटीने बटण दाबलं. कण्हणं. परत दाबलं. परत कण्हणं. ती इरेला पेटली आणि तिने अंगठा बटणावर दाबूनच धरला.

"अक्के, वेगाची दांडी तापलीये! हात भाजला माझा!"

इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या त्या दांडीतून निघून इंजिनाकडे जाणारी तार धुरकटली, लाल झाली. तेवढ्यात इंजिन गर्जून सुरू झालं, आणि ती तार तटकन तुटली. मित्रांनो, या इंजिनाला एक स्प्रिंग असते. वेगाची तार तुटली तर आकाशात इंजिन बंद पडू नये म्हणून ती त्याला पूर्ण वेगावर नेते. आकाशात तो जीव वाचवणारा वेग असतो. अंगणात तो जीव घेणारा होता.

"बंद कर! बंद कर!"

"चावी काढलीये गं! पेट्रोलही बंद केलंय!"

पण नळीत उरलेलं पेट्रोल अर्धा मिनिट तरी पुरणार होतं. अडणे फटाफट उडाले. दोरखंडाचे पीळ एकेक करून तुटू लागले. शिंपी शेपटीला लोंबकळला आणि तिच्या हिसक्यांबरोबर गुडघे सोलत इकडून तिकडे फरफटला. आणि विटांची भिंत तर समोरच उभी होती.

अक्काने ओरडणं सोडलं. हे इंजिन आपली ठिणगी आपणच बनवतं, बॅटरीला विचारत नाही. चावी बंद केली की ती ठिणगी एका तारेने परत इंजिनाच्या धातूत उतरते आणि विझते. आज उतरायला वाट नव्हती. अक्काने ती वाट मला करायचं ठरवलं. तिने माझा एक जबडा ठिणगीच्या त्या तारेच्या टोकाला भिडवला आणि दुसरा इंजिनाच्या अंगाला.

काहीच झालं नाही! माझा जबडा त्या गुळगुळीत निळ्या रंगावरून घसरला. पंखा हातभर अंतरावर हवा कापत होता. अक्काने सगळं अंग माझ्यावर टाकलं. "चाव, भवाने!" ती दातओठ खाऊन म्हणाली. मी चावले. रंगाचं साल निघालं, खाली चांदीसारखा धातू चमकला, निळी ठिणगी उडाली आणि इंजिन खोकून थंड पडलं. त्याच क्षणी दोरखंड तुटला. विमान पुढे झेपावलं, फिरता लाकडी पंखा अंगणातल्या लोखंडी पिंपावर आपटला, त्याच्या चिंधड्या झाल्या, आणि त्यातली एक सळईसारखी ढलपी अक्काच्या तळहातातून आरपार गेली.

धाकटी उडी मारून आली. तिने आपला रुमाल त्या हातावर दाबून धरला. अक्का हाताकडे बघतच नव्हती. मी सोललेल्या त्या चमकत्या ठिपक्याकडे ती बघत होती.

"रंग," ती म्हणाली. "अगं, रंग!"

डाव्या हाताने तिने तो जाड पट्टा सोडवला. खाली निळा रंग जसाच्या तसा. पट्टा घट्ट होता, पण रंगावर घट्ट होता. बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी वीज जायची. बल्बाला घोटभर पुरे, म्हणून तो पेटायचा. स्टार्टरला हंडाभर लागते, म्हणून ती वीज वेगाच्या तारेतून वाट काढायची आणि तिला जाळायची. बटण दाबून धरल्यावर आट्यांतली वाट जळाली आणि ती तारही तुटली, तेव्हा चावीला ठिणगी विझवायला कुठलीच वाट उरली नाही.

"रंग मी दिला," धाकटी रडत म्हणाली.

"पट्टा मी बसवला. गप."

"तू गप! रंग मी दिला!"

जन्मात पहिल्यांदा त्या दोघी दोष आपल्याकडे ओढायला भांडत होत्या. मला हसू आलं, पण माझ्या मुठी रक्ताने चिकट झाल्या होत्या.

अक्काच्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. मी तिच्या मुठीत राहत नाही. मग धाकटीने मला घेतलं, आणि आपणच दिलेला तो सुंदर रंग जोडाजोडाशी खरवडून काढला. अक्का शेजारी बसून शिव्या देत शिकवत होती. नवा पंखा आला. नवी तार आली. बटण दाबलं, आणि स्टार्टर पहिल्या दाबाला फिरला.

उड्डाणाच्या दिवशी मी धाकटीच्या खिशात होते. अक्का विमानाजवळ आली. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलणार.

"मला भीती वाटते गं," ती म्हणाली. एवढंच.

धाकटीने इंजिन बंद केलं, ती खाली उतरली आणि अक्काला घट्ट धरून उभी राहिली. "मलाही," ती म्हणाली. मग ती उडाली, आणि परत आली.

मित्रांनो, मला तेल द्या अथवा देऊ नका, मी माझं बघून घेईन. तारेचा जोड देण्याआधी तिथला रंग मात्र खरवडा, आणि जोड नुसता ओढून बघू नका. त्याच्यावर पूर्ण भार टाकून बघा. आणि आपल्या माणसासाठी जीव थरथरत असेल, तर हातातली वस्तू खाली ठेवा आणि आधी त्याला तसं सांगा.