कॉम्रेडचे वरचे चार दात

मी एक कवळी आहे. वरच्या चार दातांची, गुलाबी टाळूची, दोन्ही बाजूंना तारेचे आकडे असलेली. बातमी आली त्या सकाळी मी नेहमीसारखी त्याच्या तोंडात होते आणि तो चहात बुडवून टोस्ट खात होता. पक्षाच्या पेपरात पहिल्या पानावर कालच्या सभेचा वृत्तांत होता. व्यासपीठावर कोण कोण होते, ती नावं त्याने बोट फिरवत वाचली. बोट शेवटच्या नावाशी थांबलं. काल तो दुसऱ्या खुर्चीवर बसला होता. यादीत तो नव्हता.

“छपाईची चूक असेल,” बायको म्हणाली.

“आपल्या पेपरात नावांची चूक होत नाही. सहा वर्षं मीच संपादक होतो.”

घास तसाच राहिला. हजारोंपुढे गरजणारा हा माणूस घाबरला, की जिभेने मला हिरडीवरून उचलतो आणि पुन्हा बसवतो. टक. टक. हे फक्त मला आणि त्याच्या बायकोला ठाऊक.

मला घडवलं त्याच्या मित्राने. कारखान्याच्या फाटकावर, संपात, पोलिसांच्या काठीने याचे चार दात पडले होते. बोलायला लागला की वारा निघायचा आणि कामगार तोंड लपवून हसायचे. मित्र दंतवैद्य होता, पक्षातलाच. त्याने मला बसवलं आणि खुर्चीतच याला भाषण करायला लावलं. एकेक शब्द ऐकत तो मला घासत गेला.

“‘संघर्ष’ अजून फुसका येतोय. परत म्हण.”

“संघर्ष.”

“हां. आता मालकाला ऐकू जाईल. आणि हे बघ, बोलायला दिलेत, अक्रोड फोडायला नाही.”

फाटकावरून तो युनियनचा सरचिटणीस झाला. पक्षाचं सरकार आलं तेव्हा मजूरमंत्री. पूर्वी तो ‘मला वाटतं’ म्हणायचा. मग ‘आपल्याला वाटतं’ म्हणू लागला आणि पुढे नुसतंच ‘असं ठरलं आहे’. या शेवटच्या वाक्याला मला जेमतेम हलावं लागे.

त्याच सरकारने संपावर बंदी घातली. बैठकीत मित्र उभा राहिला. “ज्या संपात याचे दात गेले तो आज झाला, तर आता आपणच पाडायचे का?” कोणी हसलं नाही. पुढच्या बैठकीत त्याच्यावर ठराव आला, मालकांचा हस्तक म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय? याची जीभ माझ्या पाठीला येऊन टेकली. मी तयार होते. मग ती मागे गेली आणि याचा हात ठरावाच्या बाजूने वर झाला.

मित्राला त्याच आठवड्यात पकडून नेलं. त्याची बायको आमच्या दारात आली.

“भावजी, एक ओळ लिहून द्या. संपात हे तुमच्याबरोबर होते, एवढीच. मंत्र्याची सही कोण नाकारेल?”

“बघतो, वहिनी.”

तिने दातांच्या कण्या केल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा शिपायाने सांगितलं, साहेब बाहेर गेलेत. आम्ही पडद्यामागे उभे होतो.

तेव्हापासून मी त्याला टोचू लागले. हिरड्या झिजतात, कवळी मधूनमधून नीट करून घ्यावी लागते. पण दुसऱ्या दंतवैद्याने ‘ही कोणी केली?’ असं विचारलं असतं. त्याने टोचणं सहन केलं.

यादीतून नाव गळालं त्या सकाळी त्याला न्यायला गाडी आली नाही. त्याने फोन लावला. कार्यालयातली बाई “थांबा हं” म्हणाली, ती परत आलीच नाही. दुपारी बायकोने त्याच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं.

“आता तरी लिहा ती ओळ. आता काय जायचं राहिलंय?”

“आता माझ्या सहीने त्याचं वाईटच होईल. माझा माणूस ठरेल तो.”

“आणि तेव्हा?”

टक. टक.

तो खरं सांगत होता की भीती बोलत होती, हे मला कळलं नाही, आणि मी तर त्याच्या तोंडात होते. थोड्या वेळाने त्याने पेनचं टोपण काढलं. तारीख घातली. मित्राचं पूर्ण नाव लिहिलं. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. त्याने कागद चुरगाळून तोंडात कोंबला आणि मी तो चावला. शाई कडू लागते.

आलेले दोघे सभ्य होते. त्यांनी त्याला कॉम्रेडही म्हटलं नाही आणि साहेबही नाही. नुसतं आडनाव घेतलं. चौकशीच्या कचेरीत पोहोचल्यावर एकाने टेबलावर बोट ठेवलं. “चष्मा, पट्टा, कवळी. इथे.”

आता मी नंबर घातलेल्या पाकिटात आहे, चष्म्याच्या शेजारी. भिंतीपलीकडे त्याला प्रश्न विचारतात. माझ्याशिवाय त्याचा वारा निघतो आणि लिहून घेणारा “नीट बोला” म्हणून खेकसतो. दार आपटलं की मी कागदात थरथरते. हे पाकीट कोणी उघडलं तर मला त्याच्याकडे पोहोचवा. निदान तो काय बोलतो, ते नीट लिहिलं जाईल.

मित्राचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्याच्या बायकोला ती ओळ मिळालेली नाही.